येप्पे थुएसनचा पहिला कागद

स्वस्थ बसणं लोर्ना थुएसनला कधी जमलंच नव्हतं, पण कारखान्याचं ऑफिस बंद पडलं त्या वर्षी तिच्या पायाला भिंगरीच लागली. अमेरिकेतल्या रसीन गावच्या ट्रॅक्टर कारखान्यात पगाराच्या टेबलावर तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. आता सकाळी उठायचं, कॉफी प्यायची आणि मग अख्खा दिवस आ वासून समोर उभा. तिने तळघर रंगवलं, गॅरेज आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. शेजारणीच्या कुत्र्याला सरोवराच्या काठाने इतकं फिरवलं, की ते बिचारं तिची चाहूल लागताच सोफ्याखाली शिरायला लागलं.

अशात तिचा धाकटा भाऊ कर्टिस एक काम घेऊन आला. त्याची मुलगी शिकायला वर्षभर डेन्मार्कला निघाली होती आणि पणजोबांचं गाव कोणतं म्हणून विचारत होती. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. येप्पे थुएसनच्या थडग्यावर 'जन्म डेन्मार्क' एवढंच कोरलेलं होतं. लोर्ना आणि कर्टिसचे वडील वारले होते. येप्पेच्या मुलांपैकी आता एकटी डागमार आत्या उरली होती, आणि आत्याकडे तिच्या वडिलांचा विषय काढायची सोय नव्हती.

तरीही लोर्नाने रविवारच्या कॉफीला तो काढलाच.

"आत्या, आजोबांचं गाव कोणतं गं?"

"कुठले आजोबा?"

"येप्पे थुएसन. तुझे वडील."

"मला नाही माहीत," आत्या म्हणाली आणि सुरीने क्रिंगलचा, त्या गोल डॅनिश गोड पावाचा, तुकडा कापून लोर्नाच्या बशीत सरकवला. "आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. खा. सुकतोय तो."

डागमार आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची होती. डॅनिश बेकरीच्या काउंटरमागे तिने चाळीस वर्षं काढली होती. गिऱ्हाइकाने बदामाचा क्रिंगल मागितला आणि आत्याला वाटलं की याला पेकनचाच शोभेल, तर ती पेकनचाच बांधून द्यायची. लग्न तिने केलं नाही. बापाचं नाव टाकल्याची गोष्ट अख्ख्या डॅनिश वस्तीला पाठ होती. लोर्नाची आजी, विनिफ्रेड, लग्नाआधी शाळेत शिकवायची. पुढे पहिल्या महायुद्धात शिक्षक मिळेनात तेव्हा गावाबाहेरच्या एका खोलीच्या शाळेने तिला पुन्हा बोलावून घेतलं. वर्ष-दोन वर्षं तिने शिकवलं, आणि मग येप्पेने तिला ती नोकरी सोडायला लावली. तेव्हापासून आजी गप्प झाली, असं आत्याचं म्हणणं होतं. १९५१ साली येप्पे वारला. त्या दिवशी डागमारने बेकरी उघडली आणि संध्याकाळपर्यंत पाव विकले.

कर्टिस म्हणाला, "जाऊ दे. पोरीला सांगतो, डेन्मार्क छोटा आहे, सगळंच बघून ये."

पण लोर्नाला आता एक काम मिळालं होतं आणि तिला ते सुटू द्यायचं नव्हतं. नागरिक होताना माणसाला आपलं गाव लिहून द्यावंच लागलं असणार, असा तिने हिशेब केला. कोर्टात गेली तर तिथल्या बाईंनी सांगितलं, की जुने कागद शेजारच्या परगण्यातल्या विद्यापीठात ठेवलेत. लोर्ना तशीच गाडी काढून तिकडे गेली.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पेन न्यायला बंदी होती. फक्त पेन्सिल चालायची. खोलीचा प्रमुख प्रोकोप नावाचा वयस्कर माणूस होता. त्याने तिला मायक्रोफिल्मचं यंत्र चालवायला शिकवलं. नावांची यादी डोळ्यांसमोरून सरकू लागली. थुएसन पुष्कळ निघाले. अँटोन होता, लाउरिट्स होता, तीन तर नुसते हान्स होते. येप्पे एकही नव्हता. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. प्रोकोपने विचारलं, "आजोबा नागरिक झाले होते, हे नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय? आमचे आजोबा होते ते," लोर्ना म्हणाली, आणि बोलता बोलता तिलाच कळलं की हे काही उत्तर नव्हे.

परतताना तिला स्वतःचं टेबल आठवलं. पगाराच्या पाकिटांवर लोकांच्या नावांची काय दशा व्हायची ते तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. एका पोलिश फिटरचं नाव तिने स्वतः पाच तऱ्हांनी टाइप केलं होतं. कारकून कामापुरतं ऐकतो आणि त्याच्या हाताला जे येतं ते लिहितो. तिने गाडी वळवली. प्रोकोप दिवे मालवायच्या बेतात होता.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

"तुमची दहा मिनिटं मला माहीत झालीत," तो म्हणाला, पण त्याने दिवे राहू दिले.

'टी'खाली तिने ट्यूसन पाहिला, टायसन पाहिला आणि मग टूसन. जेप टूसन, ओतशाळेतला साचेवाला, ऑक्टोबर १९०७. तिने ते पान मागवून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. माणूस जर्मनीचा होता. 'जर्मनीचा सम्राट विल्यम दुसरा याच्याशी असलेली निष्ठा कायमची सोडतो,' असं त्यात छापील अक्षरात होतं. गाव आगरस्कोव. डोळे निळे, उंची मध्यम. त्याखाली ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलं होतं: डाव्या अंगठ्याचं टोक नाही.

लोर्ना खुर्चीत मागे सरकली. येप्पे वारला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तो अंगठा तिला चांगला आठवत होता. लहानपणी पोरांनी विचारलं की तो म्हणायचा, सरोवरातल्या एका माशाला भूक लागली होती, मी म्हटलं घे बाबा. पोरं कित्येक वर्षं त्या पाण्यात पाय घालत नसत.

"पण ते जर्मन नव्हते हो," ती प्रोकोपला म्हणाली. "घरात डॅनिश बोलायचे. चर्च डॅनिश. सगळंच डॅनिश."

प्रोकोपने नकाशा आणला. आगरस्कोव डेन्मार्कच्या दक्षिण भागात होतं. येप्पेच्या जन्माआधीच तो मुलूख लढाईत जर्मनांच्या हाती गेला होता. तिथली डॅनिश पोरं सम्राटाच्या सैन्यात जायचं टाळायला जहाजात बसायची. इथे उतरली की कारकून त्यांच्या नावापुढे जर्मनीच लिहायचा, कारण कागदावर ते तसंच होतं.

गाव सापडलं होतं. काम संपलं होतं. कर्टिसला फोन करून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण लोर्ना घरी गेली आणि तिला चैन पडेना. तो नुसता पहिला कागद होता. नागरिक व्हायची इच्छा आहे, एवढं लिहून देण्याचा. खरा अर्ज त्याच्यानंतर करायचा असतो, आणि तो कुठे होता? सकाळी वाचनालयाचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती.

पुढल्या वर्षांत काहीच सापडलं नाही. मग अचानक १९१९ साली पुन्हा एक पहिला कागद. तोच माणूस, तोच अंगठा.

"पुन्हा पहिला? कशाला?" तिने विचारलं.

"सात वर्षांत अर्ज केला नाही तर पहिला कागद रद्द व्हायचा," प्रोकोप म्हणाला. "खूप जणांचं असं झालंय. आपल्या राज्यात तेव्हा पहिल्या कागदावर मतसुद्धा देता यायचं. लोकांना वाटायचं, मत देतोय म्हणजे झालोच नागरिक. तुमच्या आजोबांचं लग्न कधी झालं?"

"१९११. आजी इथलीच. वेल्श होती, पण तिच्या आजोबांपासून सगळे इथेच जन्मलेले."

प्रोकोपने पेन्सिल खाली ठेवली. "मग १९११ मध्ये तुमच्या आजीचं नागरिकत्व गेलं," तो म्हणाला.

लोर्ना हसली. तो हसला नाही.

"कायदाच होता. इथल्या बाईने परक्या देशाच्या माणसाशी लग्न केलं की ती त्याच्या देशाची. तिला विचारायचं नाही, कळवायचंही नाही. लग्नाच्या दिवशी तुमच्या आजी चर्चमध्ये गेल्या त्या अमेरिकन म्हणून आणि बाहेर आल्या त्या जर्मन म्हणून."

"आजी कधी मिलवॉकीच्या पलीकडे गेली नाही हो," लोर्ना म्हणाली.

पुढचं तिने एकटीनेच काढलं. जुनी वर्तमानपत्रंही त्याच खोलीत होती. १९१८ सालच्या जूनमध्ये पहिल्याच पानावर सूचना होती: शत्रुराष्ट्राच्या सर्व स्त्रियांनी पोलीस ठाण्यावर येऊन नाव, फोटो आणि बोटांचे ठसे द्यावेत, जर्मन प्रजाजनांच्या इथे जन्मलेल्या बायकांनाही हे लागू आहे. आणि जुलैतल्या एका अंकात, गव्हाचा भाव आणि कुणाच्या तरी हरवलेल्या गाईच्या मध्ये, चार ओळी होत्या. मिसेस थुएसन यांना पुढील वर्षी शाळेवर घेतलं जाणार नाही. त्यांचे यजमान जर्मनीचे प्रजाजन असल्याने बाई स्वतःही शत्रुराष्ट्राच्या ठरतात, आणि मुलांना त्यांच्या हवाली करणं पालकांना पसंत नाही.

लोर्नाने त्याची प्रत काढली आणि ती थेट कर्टिसच्या घरी गेली. कर्टिस अंगणातली पानं गोळा करत होता. त्याने हातमोजे न काढताच वाचलं.

"म्हणजे आजोबांनी नोकरी सोडायला लावलीच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आणि आत्या सगळा जन्म..." त्याने कागद तिला परत दिला. "लोर्ना, तिला सांगू नकोस."

"का?"

"चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. तिला खोटं ठरवून तुला काय मिळणार?"

"मी कशाला खोटं ठरवू? जे झालं ते तिला कळायला नको?"

"तुला हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून तू हे करतेयस," कर्टिस म्हणाला. "कुत्रा दमला, आता आत्या."

हे तिला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. तिने खरोखर आठवडाभर कळ काढली. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद बदलले. आत्याच्या गल्लीतून जायचं काही कारण नसताना तिथून गाडी नेली, आणि पडद्यामागे आत्या दिसली तेव्हा चोरी पकडल्यासारखी पुढे निघून गेली. शेवटी शनिवारी सकाळी तिने दार वाजवलंच.

आत्या सफरचंदं सोलत बसली होती. "चारदा गेलीस इथून," ती म्हणाली. "मला वाटलं घर विकत घेतेस की काय."

लोर्नाने कागद टेबलावर ठेवले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुठे काही गाळलं नाही, कुठे काही पदरचं घातलं नाही. आत्याचे हात चालूच होते. सालाची लांब पट्टी तुटली नाही. ती पुरी झाल्यावर तिने सुरी ठेवली, हात पुसले आणि ड्रॉवरमधून भिंग काढून वर्तमानपत्राच्या त्या चार ओळी वाचल्या.

"तिची बोटं काळी होती," आत्या म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. आई बाहेरून आली आणि तिने टोपीसुद्धा न काढता मोरीवर हात धुवायला सुरुवात केली. शाई जाईना. चरबी लावून घासत होती. मला वाटलं, शाळेतली दौत सांडली. मी हसले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही."

"आणि आजोबा?"

"तो दारात उभा. आई त्याला म्हणाली, हे तुझ्यामुळे झालं. आणि तो एकच वाक्य बोलत राहिला, डॅनिशमध्ये. मी सही केली आहे. मी सही केली आहे." आत्याने भिंग उलटं करून ठेवलं. "मग थोड्या दिवसांनी शाळा सुटली तिची. मला वाटलं, त्यानेच सही करून दिली. आईच्या नावाने, बायकोला आता पाठवत नाही म्हणून. त्या वेळी नवरे द्यायचे तशा सह्या."

"तो या कागदाबद्दल बोलत होता, आत्या. पहिल्या. त्याला वाटत होतं, त्याने सही केली म्हणजे ते सगळे इथले झाले."

"ते कळलं मला. बहिरी नाहीये मी."

ती उठली, ओट्याशी गेली, पुन्हा येऊन बसली, आणि पुन्हा उठली. लोर्नाने आपल्यासारखं असं कुणाला करताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मग सांगायला काय झालं होतं त्याला?" आत्या एकदम म्हणाली. "जीभ नव्हती? तेहेतीस वर्षं त्याच्या टेबलावर मी त्याला मीठसुद्धा मागितलं नाही. एकदा म्हणायचं होतं, डागमार, असं असं झालं."

"तू विचारलं होतंस?"

"मी सहा वर्षांची होते."

"नंतर तू तीसचीही झालीस, आत्या."

लोर्नाला वाटलं, जीभ चावावी. आत्याने सफरचंदांचं भांडं उचललं आणि तिच्याकडे पाठ केली.

"जा तू," ती म्हणाली. "कागद ठेवून जा आणि तू जा."

त्यानंतर आत्याचा फोन नाही की काही नाही. रविवारी लोर्ना कॉफीला गेली तर दार उघडलं नाही, आणि आत रेडिओ चालू होता. कर्टिस 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही, पण त्याचा चेहरा तेच म्हणत होता. लोर्नाला अन्न गोड लागेना. आपण एका म्हाताऱ्या बाईच्या हातातून तिची काठी काढून घेतली आणि वर तिला चालून दाखव म्हटलं, असं काहीतरी तिच्या मनात घोळत राहिलं. तरीही ती वाचनालयात जात राहिली. दुसरीकडे कुठे जायचं ते तिला कळत नव्हतं. तिथे तिला अखेर तो खरा अर्ज मिळाला, १९२१ सालचा. यादीत कारकुनाने नाव पुन्हा भलतंच लिहिलं होतं, आणि येप्पे आता जर्मनीचा नव्हता. लढाईनंतर आगरस्कोवच्या लोकांनी मत दिलं आणि ते गाव पुन्हा डेन्मार्कला मिळालं. येप्पे रसीनच्या भट्टीत साचे भरत होता आणि तिकडे त्याचा राजा बदलला होता. पहिल्या कागदावर एक देश, अर्जावर दुसरा. म्हणून सुनावणी पुढे ढकलली, पुन्हा ढकलली.

मग एका सकाळी फोन वाजला.

"तो कागद मला बघायचाय," आत्या म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "प्रत नको. शाईचा. गाडी काढ."

प्रोकोपने त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं आणि मोठं बांधीव पुस्तक दोन्ही हातांनी आणून ठेवलं. आत्याने कोट काढला नाही. लोर्नाने पान उघडून दिलं. खाली येप्पेची सही होती, शाळेतल्या मुलासारखी, एकेक अक्षर दाबून काढलेली. या वेळी त्याने आडनाव स्वतः लिहिलं होतं आणि बरोबर लिहिलं होतं. पत्नी विनिफ्रेड, जन्म रसीन. मुलं डागमार, आणि तिच्यामागची दोघं.

"माझं नाव आहे," आत्या म्हणाली.

"हो."

"माझी जन्मतारीख चुकवलीय. दोन दिवसांनी."

समासात सुनावण्यांच्या तारखा एकाखाली एक होत्या, प्रत्येकीपुढे 'तहकूब'. शेवटची मार्च १९२२ ची, तिच्यापुढे 'मंजूर'. प्रोकोपने हळूच सांगितलं, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायदा बदलला आणि त्यानंतर नवरा नागरिक झाला तरी बायकोला वेगळा अर्ज करावा लागायचा. हे त्याच्या आत झालं. ज्या दिवशी येप्पे नागरिक झाला, त्याच दिवशी विनिफ्रेडही परत झाली. तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं.

आत्याने खिडकीकडे तोंड वळवलं. मग ती बोलू लागली, लोर्नाशी की प्रोकोपशी ते कळत नव्हतं.

"बायकांना मत मिळालं त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या बायका नटून गेल्या होत्या. आई इस्त्री करत बसली. मी म्हटलं, तू का नाही जात? तर म्हणाली, कपडे कोण करेल. मला तिचा राग आला होता." तिने पुस्तक जरा जवळ ओढलं. "मग दोन वर्षांनी ती गेली. मला बरोबर घेऊन गेली. निळी टोपी घातली होती. आणि तो बाहेर फुटपाथवर उभा होता, लोर्ना, तुझ्या बापाला कडेवर घेऊन. हातात टोपी धरलेली. थंडी होती, तरी टोपी घातली नव्हती त्याने. मला तेव्हा वाटलं, किती बावळट दिसतोय."

"आजी परत शाळेत का नाही गेली मग?"

"तीन पोरं होती. आणि त्यांनी बोलावलं नाही. तिनेही विचारलं नाही." आत्याने सहीवर बोट ठेवलं. प्रोकोपने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "मूर्ख होता तो. एक कागद वेळेवर भरता आला नाही त्याला. पण मी समजत होते ते त्याने केलं नव्हतं."

घरी परतताना तिने गाडी बेकरीपाशी थांबवायला लावली. जिच्या काउंटरमागे तिचं आयुष्य गेलं, तिथे आता तिची ओळख नसलेली एक तरुण मुलगी उभी होती. आत्याने तिला क्रिंगल कसा बांधायचा ते शिकवलं. मुलीने निमूट ऐकून घेतलं. लोर्ना गाडीत बसून हे बघत होती, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचे पाय जागच्या जागी होते.

ते फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. येप्पेचं जहाज कोणतं होतं, आत्याला हवं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी, त्याला भाऊ होते का. मग तिला हवं झालं की कर्टिसच्या पोरीने आगरस्कोवला जाऊन थुएसन नावाचं कुणी उरलंय का ते विचारावं, आणि नुसतं टपालाने कळवू नये, फोन करावा. लोर्नाने शेजारणीचा कुत्रा फिरवायचं सोडलं, कारण तिला वेळच मिळेना.

"आत्या, आज रविवार आहे," एकदा ती फोनवर म्हणाली. "वाचनालय बंद असतं."

"मग तू ये तरी," आत्या म्हणाली. "तू तेरा वर्षांची होतीस ना तो गेला तेव्हा? तुला अंगठा आठवतो, तर आणखीही काही आठवत असेल. तो तुमच्याशी काय बोलायचा, ते मला सांग."